अडतीस नावं, एक ओळ

मारेगाव
६ जानेवारी २०२५

प्रिय राजदीपदादा,

सप्रेम जयभीम.

तुझ्या बोटीवर मेल दिवसातून दोनदाच उतरते हे मला माहीत आहे, म्हणून सगळं एकदाच आणि क्रमाने लिहिते. लांब झालं तर रागावू नकोस.

दवाखान्याच्या लॅबमधला लिनक्सचा कॉम्प्युटर मी बिघडवला आहे. "बिघडला" असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं, कारण तो आपोआप बिघडलेला नाही.

शिबिरांच्या सगळ्या नोंदी एका जागी ठेवणारा नवा प्रोग्रॅम आला आहे. तो तयार मिळत नाही, मूळ कोडवरून आपल्याच मशीनवर कंपाइल करून, म्हणजे बांधून घ्यावा लागतो. कंपाइल करताना तो अडला: "लिबतक्ता" या लायब्ररीची तिसरी आवृत्ती पाहिजे, इथे दुसरी आहे. ही लायब्ररी म्हणजे तक्त्यातली हवी ती ओळ काढून देणारी फाइल, एवढंच मला कळतं. चुकत असेन तर सांग. तू तीन वर्षांपूर्वी रजेवर असताना बसवून दिलेला अहवाल छापायचा प्रोग्रॅमही तिच्यावरच चालतो. मी तिसरी बसवली आणि एका कामाच्या दोन फाइली नकोत म्हणून दुसरी पुसून टाकली. नवा प्रोग्रॅम सुरू झाला. तुझा उघडेना. "लिबतक्ता दोन सापडत नाही" म्हणतो आणि थांबतो.

मला दोन रस्ते दिसतात. दुसरी आवृत्ती पुन्हा कंपाइल करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची, म्हणजे ज्याला जी पाहिजे ती मिळेल. पण तिचा मूळ कोड जुना आहे, नव्या कंपायलरवर अकरा चुका आल्या. दुसरा रस्ता म्हणजे तिसऱ्या आवृत्तीलाच जुन्या नावाची लिंक द्यायची, म्हणजे दुसरी मागितली तरी तिसरीच मिळेल. ते मी केलेलं नाही. तिसरीच्या सोबत आलेल्या कागदात एक वाक्य आहे, ते उतरवून देते: "या आवृत्तीपासून ओळींची मोजणी शून्यापासून सुरू होते." याचा आपल्या प्रोग्रॅमशी संबंध येतो का? तू सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही.

रविवारी मुकुटबनला सिकलसेलच्या रक्ततपासणीचं शिबिर आहे. तुझ्या भावासाठी, अतुलसाठी पाहिलेली दिपाली तिथलीच, ती पण तपासायला रक्त देणार आहे. काकू, तुझी आई, रोज फोन करते. म्हणते, "पोरगी मले पसंत हाय, पोराले पसंत हाय. पन दोघायचे कार्ड बाजूबाजूले ठेवल्याबिगर मी कुंकवाचा शब्द काढत नाही." अतुलचं कार्ड माझ्यासारखं अर्धं पिवळं, म्हणजे स्वतःला आजार नाही, पण लेकराकडे जाऊ शकतो. दिपालीचंही अर्धं पिवळं निघालं तर होणारं लेकरू पूर्ण पिवळं होऊ शकतं. पूर्ण पिवळ्या कार्डाच्या लेकीला, उर्वशीला, अकरा वर्षं उचलून फिरलेल्या बाईला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

लवकर उत्तर दे.

तुझी
ममता

⁂

बोटीवरून
९ जानेवारी

ममताबाई,

जयभीम. अवं, किती लिहिते तू! वाचता वाचता आमची बोट दोन बंदरं पुढं गेली. इथं जनरेटर बंद पडून राह्यला, मुख्य इंजिनिअर डोक्यावर उभा हाय, म्हणून थोडक्यात सांगतो.

लिंक देऊन टाक. दोन मिनिटांचं काम हाय. प्रोग्रॅम फक्त नाव पायते, नावाची फाइल भेटली का गप बसते. अकरा चुका दुरुस्त करत बसशील तर शिबिर निघून जाईन.

दुसरी पुसली त्याचं पाप तुले लागणार नाही. एवढी कायले भेते? लहानपणीही अशीच होती, पाटीवर अक्षर वाकडं झालं का जेवत नोती.

लिंक दे, सुरू कर, मले "झालं" एवढं लिव.

राजदीप

⁂

मारेगाव
१६ जानेवारी

प्रिय दादा,

झालं.

लिंक दिल्याबरोबर प्रोग्रॅम उघडला. एकही तक्रार नाही. रविवारी मुकुटबनला अडतीस जणांचं रक्त घेतलं, मंगळवारी मशीनवर लावलं, काल अहवाल छापून कार्डं भरली. आज आशाताई ती वाटायला घेऊन गेल्या.

दिपालीचं कार्ड पांढरं आहे, काहीच दोष नाही. सोळावा नंबर. मी स्वतः भरलं. काकूला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्ना एकदा वाच." मी पुन्हा वाचलं. मग अतुलने फोन हिसकावून घेतला. सोळा फेब्रुवारी, रविवार, राळेगावचं विहार. तुला तर मार्चशिवाय उतरता येणार नाही, म्हणून काकू हळहळते. दिपालीच्या कार्डाचा मी पाठवलेला फोटो छापून तिने अतुलच्या कार्डासोबत उर्वशीच्या फोटोसमोर ठेवला आहे.

एकच गोष्ट. शेवटच्या नंबरवर बळीराम म्हणून एक म्हातारे काका होते, त्यांचा अहवाल कोरा आला. सगळीकडे शून्य. नमुना गोठला असेल असं मी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि त्यांना परत बोलावलं. प्रत्येक खेपेला पहिली नळी आपण ठाऊक असलेल्या चांगल्या रक्ताची लावतो ना, मशीन नीट आहे का ते कळावं म्हणून, ती बरोबर आली. म्हणून बाकीच्यांची काळजी नाही.

काळजी नाही असं लिहिलं खरं. तुझ्या सांगण्यावरून केलं म्हणून रात्री झोप लागते, एवढं खरं.

ममता

⁂

बोटीवरून
२० जानेवारी

ममता,

आत्ता अतुल्याची मेल आली. चार ओळींत सहा चुका अन् नऊ वेळा दिपाली. बेटा कामातून गेला!

आईनं तुले साडी घेतली म्हणते. पांढरी, निळ्या काठाची. माझ्यासाठी भोजनदानाचे सगळे फोटो काढजो, आचाऱ्याच्या वांग्याच्या भाजीचा पयले. मी इथं डब्यातले वाटाणे खाऊन राह्यलो.

तुझ्या म्हाताऱ्या बळीरामकाकाले म्हणा, थोडं मटन खा, मग रक्त दे.

पाय, म्हटलं होतं ना दोन मिनिटांचं काम हाय.

राजदीप

⁂

मारेगाव
३१ जानेवारी

प्रिय दादा,

तू बरा असशील. इकडे थंडी कमी झाली. काकूची तब्येत चांगली आहे.

मला एक समजून घ्यायचं आहे. घाईने नको, सवडीने सांग. समजा एखाद्या प्रोग्रॅमला दुसऱ्या आवृत्तीची लायब्ररी हवी होती आणि तिच्या नावाखाली तिसरी मिळाली. तो उघडला, चालला, छापलं. तर छापलेलं चुकीचं असू शकतं का? म्हणजे प्रोग्रॅम काहीच न बोलता चुकतो का? की चुकला तर तो थांबतोच?

आणि दुसरी आवृत्ती वेगळी ठेवायची झाली तर काय काय करावं लागतं ते पायरीपायरीने लिहून पाठव. ज्ञान म्हणून विचारते.

लग्नाचं सगळं नीट चालू आहे.

ममता

⁂

बोटीवरून
३ फेब्रुवारी

ममता,

ज्ञान म्हणून विचारते म्हणे. मी तुले ओळखत नाही काय? काहीतरी सटकलं अन् डॉक्टर संगीता मॅडम रागावतीन म्हणून तू भिऊन राह्यली. पंखा लावाचा तरी तू त्यायले विचारून लावते.

चुकू शकते. क्वचित. बहुतेक वेळा जमत नसलं तर आदळते अन् बंद पडते. तुझा बंद पडला नाही, म्हणजे जमलं. उगाच उकरू नको. मी मार्चमध्ये येतो, समोर बसून पाहू. तोवर कोणाले काही बोलू नको. मॅडमच्या डोक्यात एकदा शंका घातली का तुझी नोकरी तिच्यावरच घासत राहीन.

पायऱ्या खाली देतो, तुझ्या जिवाले शांती म्हणून. त्या अकरा चुकांपैकी दहा एकच हाय: जुन्या पद्धतीनं लिवलेलं कंपायलरले चालत नाही, त्याले जुना नियम वापर म्हणून सांगाचं. अकरावीची ओळ मी दुरुस्त करून जोडली. मग दुसरी आवृत्ती सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकू नको, तिले स्वतःचं फोल्डर दे. लिंक काढून टाक. अन् अहवालाचा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फाइलीत लिव, का लायब्ररी पयले त्या फोल्डरमध्ये शोध. शेवटी एलडीडी ही आज्ञा दोन्ही प्रोग्रॅमवर चालव. कोण कुठली लायब्ररी उचलून राह्यला ते ती ओळीनं दाखवते. डोळ्यांनं पाह्यल्याशिवाय झालं म्हणू नको.

पण मार्चपर्यंत थांबली तर बरं.

राजदीप

⁂

मारेगाव
६ फेब्रुवारी

दादा,

मी तुझ्याशी खोटं बोलले. "लग्नाचं सगळं नीट चालू आहे" हे वाक्य लिहिताना मला सगळं ठाऊक होतं.

एकोणतीस तारखेला बळीरामकाका परत आले. हात पुढे करून म्हणाले, "काहून वो बाई, माह्या अंगात रक्तच नाही निंगालं काय? आमची बुढी तर म्हन्ते पानीच हाय." मी हसले. शिबिर नव्हतं, म्हणून तीनच नळ्या लावल्या: पहिली नेहमीची ठाऊक असलेली, मग भर म्हणून माझी स्वतःची, मग त्यांची. शेवटी मशीन धुवायचं पाणी, ते तर दर खेपेला असतंच.

अहवाल आला. ठाऊक असलेलं चांगलं रक्त अर्धं पिवळं. माझं पांढरं. बळीरामकाका पुन्हा कोरे.

दादा, माझं कार्ड मी अठरा वर्षांची असल्यापासून अर्धं पिवळं आहे. ते एका दिवसात पांढरं होत नाही. मी कागद हातात धरून उभी होते आणि काका विचारत होते, "निंगालं का वो?" मग दिसलं. प्रत्येकाचं रक्त एक ओळ वर सरकलं होतं. माझं पहिलीच्या नावावर, काकांचं माझ्या नावावर, आणि काकांच्या नावावर धुण्याचं पाणी. ओळींची मोजणी शून्यापासून. तुझा प्रोग्रॅम पहिली ओळ मागतो आणि तिसरी आवृत्ती त्याला दुसरी देते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून कोणी ओरडत नाही.

मुकुटबनच्या खेपेला पहिल्या नळीच्या जागी ज्याचं रक्त सरकलं तोही निरोगीच होता, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे.

दिपालीचा नंबर सोळा. तिचं खरं रक्त पंधरावर छापलं गेलं असणार. पंधरा नंबर जमनाबाई, पन्नाशीच्या. त्यांचं कार्ड मी अर्धं पिवळं भरलं आहे.

तू सांगितलेल्या पायऱ्या मी सोमवारी आणि मंगळवारी केल्या. दोन वेळा चुकले. पहिल्यांदा फोल्डर दिलं पण लिंक काढायची राहिली, एलडीडीने तिसरीच दाखवली. तोवर मी "झालं" असं वहीत लिहून टाकलं होतं, ते खोडलं. काल दोन्ही प्रोग्रॅम आपापली लायब्ररी उचलायला लागले. मशीनच्या आठवणीत मुकुटबनचे आकडे अजून आहेत. मी छापले. दिपाली अर्धी पिवळी. सिकल सदतीस टक्के.

दहा दिवस उरले आहेत. काकूने काल फोनवर विचारलं, "आवाज काहून असा येते तुहा?" मी म्हटलं सर्दी. उर्वशीच्या फोटोसमोर ठेवलेल्या त्या छापील फोटोतलं पांढरं कार्ड माझ्या अक्षरातलं आहे. मी सांगितलं तर लग्न मोडेल, अतुल माझं तोंड पाहणार नाही, नोकरी जाईल. आणि तू म्हणतोस मार्चपर्यंत कोणाला बोलू नकोस. तू सांगितल्याशिवाय मी कधी पान उलटलेलं नाही हे तुला माहीत आहे. म्हणून लिहिते. या वेळी उत्तराची वाट पाहीन की नाही, मला माहीत नाही.

ममता

⁂

बोटीवरून
७ फेब्रुवारी

ममता,

तुझं सहा जानेवारीचं पत्र आज उघडून पुन्हा वाचलं. पुन्हा नाही. पहिल्यांदा वाचलं. त्या दिवशी मी "एका कामाच्या दोन फाइली नकोत" इथपर्यंत वाचून उत्तर लिहायला घेतलं होतं. मोजणी शून्यापासून होते हे तू उतरवून दिलं होतं. प्रश्नही विचारला होता. त्या एका वाक्यावर मी "थांब" म्हणून लिहिलं असतं.

तुला आठवतं ना, आई ओट्यावर शिकवायची तेव्हा तुझी वही मी तपासायचो. माझी बरोबरची खूण पडल्याशिवाय तुला पुढचं पान मिळत नव्हतं. आईचा नियम. मला बाहेर विटीदांडू खेळायला जायचं असायचं. मी अर्ध्या वेळा न वाचताच खूण करायचो, ममता. तुला वाटायचं दादाने पाहिलं, आता चूक नसणारच. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काही कारणही नव्हतं.

मार्चचं मी लिहिलं ते विसर. ते मॅडमच्या भीतीने नव्हतं. मला वाटलं होतं, काही निघालंच तर ते माझ्यावर येईल.

जा. आधी मॅडमकडे, मग मुकुटबनला. माझं नाव सांग. माझी दोन्ही उत्तरं छापून मॅडमच्या पुढ्यात ठेव. आईला मी लिहितो आहे, ही मेल सुटली की लगेच. तिने माझ्याकडून ऐकलेलं बरं.

अतुलला काय लिहू, ते सुचत नाही.

राजदीप

⁂

मारेगाव
१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझी मेल मी आठ तारखेला रात्री वाचली. खरं सांगते, त्याआधीच सकाळी मॅडमकडे जाऊन आले होते. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. तू रागावशील असं वाटून मला दिवसभर जेवण गेलं नाही, आणि तुझी मेल वाचल्यावर तर मुळीच नाही.

मॅडमनी दार लावून घेतलं. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचत राहिल्या. 

"किती जणांना कार्डं गेली?"

"सदतीस. एक कोरा होता."

"हे तुझ्याशिवाय कोणाला कळलं असतं?"

"नाही."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं कागद मागतात. म्हणाल्या, "लॅबची किल्ली." दिली. मग म्हणाल्या, "चौकशी होईल. संस्थेला मला लिहावं लागेल, ते मी लिहिणार. उद्या सकाळच्या गाडीने निघू, तू पण चल. सगळ्यांचं रक्त परत घेऊ, आणि या वेळी हाताने तपासून."

सदतीसपैकी अकरा कार्डं बदलली, दादा. बाकीच्यांचं नाव चुकलं तरी रंग तोच राहिला. जमनाबाईंना त्या अर्ध्या पिवळ्या नाहीत म्हणून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग वाह! अन् महिनाभर सुनेनं मले दूध पाजलं, ते आता बंद होईन का?" सगळे हसले. मीही हसले असते तर बरं दिसलं असतं.

दिपालीच्या घरी शेवटी गेलो. मीच लांबवत होते. अंगणात मांडवासाठी बांबू येऊन पडले होते. तिची आई तानाबाई, तिने आम्हाला पाहून आधी चहा ठेवला. "पोरीची नणंद आली" म्हणाली. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. बोलायचं मलाच होतं.

मी सांगितलं. आकड्यांसकट, माझ्या हातून काय झालं त्यासकट. लायब्ररी, लिंक काही त्यांना कळायचं कारण नव्हतं, म्हणून म्हटलं, सोळाव्या नळीचं रक्त पंधराव्या नावावर लिहिलं गेलं, आणि ते मी तपासलं नाही. तुझं नाव मी घेतलं नाही. तू सांग म्हटलं होतंस, पण तिथे ते पळवाट काढल्यासारखं झालं असतं. मॅडमना मात्र तुझी उत्तरं दिली.

तानाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. "पत्रिका वाटल्या वो बाई," म्हणाली. "चारशे पत्रिका वाटल्या. आता लोकायले काय सांगू, कॉम्प्युटर चुकला म्हणून सांगू काय?"

"कॉम्प्युटर नाही," मी म्हटलं. "मी चुकले म्हणून सांगा."

"तुह्या चुकण्यानं माह्या पोरीचं नाव खराब होते, तुहं नाही."

हे तिचे शब्द मी जसेच्या तसे उतरवून दिले आहेत. 

दिपाली शिलाई मशीनवर बसली होती. ती उठून आली आणि हात पुढे केला. मला वाटलं आता ही मला मारते. ती म्हणाली, "घ्या रक्त." मॅडमनी घेतलं. मॅडम नळीवर नाव लिहीत होत्या तेव्हा तिने वाकून प्रत्येक अक्षर पाहिलं. मग मला विचारलं, "या वेळी चुकणार नाही कशावरून?"

मी सांगितलं की या वेळी प्रोग्रॅम नाही, मॅडम हाताने करतील, आणि तो आकडा मशीनच्या आठवणीत आधीच असलेल्या आकड्याशी जुळवून पाहणार आहेत. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाले आताच माहीत हाय." मी मान हलवली. "सांगा मंग." मॅडम "थांब" म्हणाल्या, पण माझ्या तोंडून निघून गेलं होतं. अर्धं पिवळं.

तिने पर्स उघडली, त्यातून पांढरं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. फाडलं नाही की फेकलं नाही. "त्यायले मी सांगतो," एवढंच म्हणाली आणि फोन घेऊन घरामागे गेली.

काल हाताने केलेली तपासणी आली. अर्धं पिवळंच.

सोळा तारखेला लग्न नाही. त्या दिवशी दोघंही मॅडमना भेटायला मारेगावला येणार आहेत. काकूने तुझी मेल वाचली असणार, कारण तिचा मला फोन नाही. मी केला तर अतुलने उचलला, माझा आवाज ऐकून ठेवून दिला. मला बाहेर टेबलावर बसवलं आहे, केसपेपर लिहायला. प्रत्येक केसपेपर मी दोनदा वाचते आणि माणूस निघून गेला की तिसऱ्यांदा. लोक ओरडतात, बाई किती वेळ लावता. थांबता येत नाही.

त्या दिवशी मॅडमच्या खोलीत मला बसू देणार नाहीत. बरंच आहे. पण दाराबाहेर तर मीच असेन.

ममता

⁂

मुकुटबन
२० फेब्रुवारी

ममताताई,

जयभीम. फोन केला असता तर तुम्ही रडल्या असत्या, म्हणून पोस्टाने पाठवते. त्या दिवशी तुमच्या टेबलासमोरून दोनदा गेले, तुम्ही मान वर केली नाही.

आत काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. मॅडमनी कागदावर चार गोल काढून दाखवले. दर खेपेला चारात एक पूर्ण पिवळं, असं म्हणाल्या. अतुल म्हणाले, चालेल, तिसऱ्या महिन्यात गर्भ तपासून घेऊ, आजकाल होते. मी विचारलं, अन् पिवळं निघालं तर? ते म्हणाले, तर नाही ठेवायचं, पुढच्या वेळी पाहू. मी विचारलं, किती वेळा?  मला समजवायला त्यांनी काहीतरी गोड बोलून टाकलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही. म्हणाले, "मले नाही माहीत." माणूस चांगला आहे, म्हणूनच जड गेलं. मी नाही म्हटलं.

तुमच्यावर माझा राग आहे. तो कधी जाईल मला सांगता येत नाही. महिनाभर मी ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरले. दुकानात धागा घ्यायला गेले तरी काढून पाहायची. आई तर अजून दुपारी दार लावून घेते, कोणी विचारायला येईल म्हणून. तुम्ही आल्या नसत्या तर आज मी राळेगावात असते, आणि खुशीत असते. तुम्ही आल्या ते बरं केलं असं म्हणायला जीभ उचलत नाही. पण आल्या नसत्या आणि पुढे कधी मला कळलं असतं, तर मी काय केलं असतं हा विचार रोज रात्री येतो.

एक राहिलं. तुमच्या काकू आल्या होत्या, तुम्हाला माहीत नसेल. त्या आत आल्या नाहीत, फाटकाबाहेर ऑटोतच बसून होत्या. मी बाहेर आले आणि सांगितलं, मावशी, मी नाही म्हटलं. मला वाटलं आता बोलतील चार शब्द. त्या ऑटोतून उतरल्या. माझा हात धरून उभ्या राहिल्या, सोडेचनात. मग म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या येळी मले कोनी विचारलंच नोतं, पोरी."

मी त्यांच्या पाया पडले आणि मुकुटबनच्या गाडीत बसले.

दिपाली